मासेघरातली झाडं कोण उपटतं?

"आपा, आज पण सगळी झाडं वर!"

नबील ओरडत बाहेर आला, तेव्हा कहकशाँ अब्बूंच्या टेम्पोतून प्लायवूडच्या फळ्या उतरवत होती. तिने हातातली फळी तशीच भिंतीला टेकवली आणि आत धाव घेतली.

सहा फुटी काचेच्या टाकीत पाणी गढूळ झालं होतं. वर हिरव्या, लाल, जांभळ्या झाडांचा गठ्ठा तरंगत होता. काल संध्याकाळी हीच झाडं तळाच्या निळ्या-गुलाबी खड्यांत रांगेने उभी होती. सलग तिसऱ्या सकाळी हे असं झालं होतं!

मूल शहराजवळच्या जांभूळबोडी गावात मोठा मालगुजारी तलाव होता, म्हणजे जुन्या जमीनदारांनी बांधलेला. गावच्या मच्छीमार संस्थेने तलावाकाठच्या जुन्या गोदामात 'मासेघर' उभारलं होतं. शाळांच्या सहलींना इथल्याच तलावातले मासे जवळून दिसावेत, म्हणून. टाकी बांधली होती कहकशाँच्या अब्बूंनी, म्हणजे अल्ताफभाईंनी. त्यांचं मूलला काचकामाचं आणि फिशटँकचं दुकान होतं. आता मासेघरातली कपाटं करायला ते रोज टेम्पोने येत होते, आणि दिवाळीची सुट्टी असल्यामुळे बारा वर्षांची कहकशाँ आणि तिचा नऊ वर्षांचा भाऊ नबील त्यांच्याबरोबर. येत्या रविवारी उद्घाटन होतं. आज बुधवार!

संस्थेचे अध्यक्ष गुणवंतराव हात मागे बांधून टाकीसमोर उभे होते. त्यांचा नातू प्रफुल त्यांच्या मागून डोकावत होता. दाराशी मासेघराचे राखणदार मंगरू आजा उभे होते, आणि त्यांना चिकटून त्यांची नात रंजीता.

"मंगरू, रात्री चावी कोणापाशी होती?" गुणवंतरावांनी विचारलं.

"माह्यापाशीच होती जी."

"मंग झाडं काय आपल्या मनानं वर आली? आन् दोन बामी होत्या टाकीत. त्या कुठी गेल्या?"

बाम म्हणजे सापासारखा लांबुळका, टोकदार नाकाचा मासा. खायला चविष्ट, म्हणून बाजारात हातोहात जाणारा.

"सकाळी इथी पहिले कोण येते?" गुणवंतरावांनी सगळ्यांकडे बघत विचारलं.

"मंगरू आजाच येतात," कहकशाँ पटकन म्हणाली. "आम्ही येतो तेव्हा ते एकटेच असतात."

तिने खरं तेच सांगितलं होतं. पण सगळ्यांच्या नजरा मंगरू आजांकडे वळल्या, तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलो.

"बस झालं," गुणवंतराव म्हणाले. "मंगरू, उद्यापासून येऊ नोको."

मंगरू आजांनी कमरेची चावी सोडली, टेबलावर ठेवली आणि ते निघून गेले. रंजीता त्यांच्यामागे जाता जाता कहकशाँपाशी थांबली.

"माह्या आज्यानं चाळीस वर्षं या तलावात जाळं टाकलं. त्याले दोन बामी चोराव्या लागतेत? काऊन बोललीस तू?"

दिवसभर कहकशाँ अब्बूंना खिळे देत राहिली, पण तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

---

गुरुवारी सकाळी गुणवंतराव स्वतः आले. आदल्या दिवशी त्यांनी मूलच्या बाजारातून नवं कुलूप आणून लावलं होतं, आणि झाडंही माणसं लावून पुन्हा रोवून घेतली होती. खिशातून चावी काढून त्यांनी दार उघडलं.

झाडं वर तरंगत होती!

"मंगरूनं दुसरी चावी करून ठेवली असंल," गुणवंतराव म्हणाले.

"आबाजी, पण कुलूप तर तुम्ही कालच नवं आणलं ना?" प्रफुल म्हणाला.

गुणवंतरावांनी नातवाकडे असं पाहिलं की तो दोन पावलं मागे सरकला. "तू चूप राह्य! मले चंद्रपूरले फोन करू दे," असं म्हणून ते बाहेर पडले. टाकी सजवून देणारा ठेकेदार चंद्रपूरचा होता.

कहकशाँ आत जाणार, तोच थबकली. "नबील, थांब! पाय टाकू नको!"

काल दिवसभर अब्बूंनी प्लायवूड कापलं होतं. त्याचा बारीक भुसा साऱ्या फरशीवर पिठासारखा पसरला होता. टाकीच्या पायथ्याशीही तो होता, आणि त्यावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

"प्रफुल, हे बघ. कुणी टाकीपर्यंत गेलं असतं, तर भुशात पावलं दिसली असती. आणि एवढ्या खोल टाकीत हात घालून चाळीस झाडं उपटायची म्हणजे पाणी सांडणारच. इथे थेंब तरी आहे का?"

प्रफुलने वाकून पाहिलं. "एकदम कोरडं! मंग चोर आला कुठून?"

"आला नाहीच. आतच आहे!"

"भूत?" नबीलने डोळे मोठे केले.

"भूत झाडं कशाला उपटेल? मासे, नबील, मासे! तू कधी दिवसा त्यांना नीट पाहिलंस का?"

नबीलने नाही म्हणून मान हलवली. टाकीत बारा कटवे सोडले होते. कटवा म्हणजे मिशा असलेला, तळाशी हुंगत फिरणारा मासा. पण वरचा पांढरा दिवा लागला की ते कोपऱ्यातल्या नळीमागे गर्दी करून बसायचे.

"ते रात्री बाहेर पडत असतील," कहकशाँ म्हणाली. "अब्बू नेहमी सांगतात, मिशावाले मासे अंधार झाल्याशिवाय खात नाहीत."

"मंग रात्री येऊन पाहू!" प्रफुल उत्साहाने म्हणाला.

"आम्हाला रात्री कोण येऊ देईल? त्यापेक्षा आपण दिवसाच रात्र करू."

तिने अब्बूंकडे टेम्पोची काळी ताडपत्री मागितली. "भुसा उडतो ना अब्बू, टाकी झाकून ठेवते." ते खरंही होतं! अल्ताफभाईंनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं. "झाक. पण हवेची नळी दबू देऊ नको," एवढंच ते म्हणाले.

प्रफुल घरून विजेरी घेऊन आला, आणि आकाशकंदिलातून उरलेला लाल कागदही. लाल उजेडाला मासे बुजत नाहीत, हे कहकशाँने दुकानात ऐकलं होतं. पण ताडपत्री टाकण्याआधी ती तलावाच्या पाळीवरून थेट रंजीताच्या घरी गेली.

रंजीता अंगणात धान पाखडत होती. तिने मान वर केली नाही.

"माझं चुकलं," कहकशाँ म्हणाली. "पुढचा विचार न करता बोलले. पण आता मला वाटतंय की चोरी झालीच नाही. तू ये. तू पाहिलंस, म्हणजे आज्यांना खरं वाटेल."

रंजीताने सूप खाली ठेवलं. "चाल," ती म्हणाली. "पण काही नाई दिसलं तर मी बोलणार नाई तुह्याशी."

---

ताडपत्रीखाली चौघंही काचेला नाक लावून बसली. उकडत होतं. प्रफुलचं कोपर नबीलच्या बरगडीत जात होतं.

"सरक ना बे!"

"कुठी सरकू? भिंत हाय मांगं!"

"शूऽऽ!"

पहिली दहा मिनिटं काहीच घडलं नाही. मग नळीमागून एक कटवा निघाला. पाठोपाठ दुसरा, तिसरा. मिशा खड्यांवरून फिरवत ते झाडांच्या बुंध्याशी आले आणि नाकाने खडे ढकलू लागले. मुलांनी सकाळीच पुन्हा रोवलेलं एक लाल झाड हललं, कलंडलं आणि सावकाश वर निघालं.

"गेलं!" नबील कुजबुजला.

तेवढ्यात टाकीच्या मधोमध खडे उचलल्यासारखे झाले. त्यातून आधी एक टोकदार नाक बाहेर आलं, मग दोन बारीक डोळे, आणि मग हातभर लांब अंग सळसळत वर आलं. त्या धक्क्याने तीन झाडं एकदम सुटली.

"बाम!" रंजीताने तोंडावर हात दाबला. "आन् थे पाह्य, दुसरी बी! दोन्ही हायेत! गाडून घेतलं होतं त्याईनं!"

ती हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणीही येत होतं. कहकशाँला हायसं वाटलं. पण विजेरी जरा जवळ नेल्यावर तिचा चेहरा उतरला. पहिल्या बामीच्या नाकावर आणि पोटावर ओरखडे होते. एका कटव्याची मिशी अर्धी झिजली होती.

"हे खडे धारदार आहेत," ती म्हणाली. "काच फोडून रंगवल्यासारखे. यात घुसताना लागतंय त्यांना."

---

"मी? ताडपत्रीखाली?" गुणवंतराव म्हणाले. "चार लोकं पाह्यतील तर काय म्हणतील?"

"आबाजी, रविवारी पाहुण्यांसमोर झाडं तरंगली, तर चार नाई, चारशे लोकं पाह्यतील," प्रफुल अगदी गरीब चेहरा करून म्हणाला.

गुणवंतराव गुडघे टेकून आत शिरले. पाच मिनिटांनी ते बाहेर आले, तेव्हा त्यांच्या केसांत भुसा होता आणि आवाज खाली आला होता. "दोन्ही बामी हायेत," ते म्हणाले.

ठेकेदाराचा फोन आला, तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. पलीकडून मोठ्याने आवाज आला, "काही काळजी करू नका! प्लास्टिकची झाडं पाठवतो, तारेनं बांधून टाकू! मासे तळाशी दाबून बसत असतील, तर दिवा आणखी मोठा लावू, म्हणजे दिसतील!"

"मोठा दिवा लावला तर ते कधीच बाहेर येणार नाहीत!" कहकशाँ न राहवून म्हणाली. "आणि तारा टोचतील त्यांना."

तेवढ्यात नबील उपटलेलं लाल झाड घेऊन पुढे आला. "आपा, हे झाड आपल्या शाळेच्या कुंपणाला आहे! माळीकाका रोज कापतात ते!"

अल्ताफभाईंनी ते झाड हातात घेऊन वास घेतला. बुंधा काळा पडून लिबलिबीत झाला होता. "हे जमिनीवरचं झाड आहे, गुणवंतराव. पाण्यात पंधरा दिवसांत सडतं. मुळं धरतच नाही, मग माशांनी नाक लावलं की वर येणारच. टाकी बांधून मी गेलो आणि परत पाहायलाच आलो नाही. तेव्हाच बघायला हवं होतं, माझंही चुकलं."

"मंग कोणती झाडं लावायची?"

"ते तळाच्या माशांना विचारावं लागेल," अल्ताफभाई म्हणाले. "म्हणजे ज्याला ते मासे कुठे राहतात ते ठाऊक आहे, त्याला."

सगळ्यांना एकच नाव आठवलं.

गुणवंतराव स्वतःच पाळीवरून चालत निघाले. मुलं मागोमाग. मंगरू आजा जाळं विणत बसले होते.

"मंगरूभाऊ," अंगणात उभं राहून गुणवंतराव म्हणाले, "बामी सापडल्या. टाकीतच होत्या. मी न पाहताच तुह्यावर आळ घेतला. चुकलो मी."

मंगरू आजांनी सुई खाली ठेवली नाही. "बामी खड्यात बसल्या असतीन, मले ठाऊक होतं," ते म्हणाले.

"मंग बोलला काऊन नाई?"

"तुम्ही इचारलंच कुठी जी? तुम्ही चावीचं इचारलं."

रंजीताने आज्याचा हात धरला. "आजा, त्याइले लागून राह्यलं. नाकाची साल गेली हाय. माणसाचं सोड, बामीचं तं पाह्य."

मंगरू आजांनी जाळं गुंडाळलं आणि ते उठले.

---

शुक्रवारी सकाळी झाडं आणायला डोंगा, म्हणजे लाकडी होडी, दोनदा तलावात गेला. आधी टाकीतले मासे मोठ्या घमेल्यांत हलवले होते. प्रफुलने आणि नबीलने रंगीत खडे उपसून काढले आणि नदीची बारीक रेती धुवायला घेतली. धुता धुता दोघं कमरेपर्यंत भिजले.

डोंग्यात कहकशाँ पुढे बसली होती. तिने एक नाजूक, झुपकेदार झाड पाण्यातून ओढलं. "किती सुंदर! हेच लावू या सगळीकडे."

"चिला हाय थे," मंगरू आजा म्हणाले. "लावून पाह्य."

ते 'नको' म्हणाले नाहीत, म्हणून कहकशाँने टोपलीभर चिला आणला आणि दुपारी धुतलेल्या रेतीत छान ओळीने रोवला. टाकी देखणी दिसू लागली. मग दिवा विझवून, ताडपत्री टाकून एक कटवा सोडला. तासाभरात निम्मा चिला वर!

कहकशाँ रडकुंडीला आली. "आज्यांना माहीत होतं! मग सांगितलं का नाही?"

"सांगतलं असतं तं तू आयकलं असतं काय?" मंगरू आजा पहिल्यांदाच हसले. "आता सांग, थो चिला तलावात कुठी होता?"

तिने आठवून पाहिलं. "वर... पाण्यात सुटाच होता. मुळं जमिनीत नव्हतीच."

"मंग त्याले वरच राहू दे ना! सावली करते थो. आन् बाम कुठी भेटते?"

"तळाशी," रंजीता मधेच म्हणाली. "दगडाच्या कपारीत, बुडलेल्या लाकडाखाली. आन् चिऊलच्या मुळापाशी."

चिऊल म्हणजे लांब पात्यांचं, पाण्याखाली गवतासारखं उभं राहणारं झाड. त्याच्या मुळांचं जाळं एवढं घट्ट की उपटताना दोन्ही हात लागायचे.

शनिवारी कहकशाँने घाई केली नाही. डोंग्यातून ती प्रत्येक झाड आधी नीट पाहत होती. हे मुळावर उभं आहे की सुटं आहे? पान जाड आहे की एका धक्क्याला फाटेल? मुळाशी काय आहे, चिखल की दगड? सांडव्याच्या दगडांवर हिरवंगार शेवाळ होतं, पाण्याच्या धारेतही न सुटणारं. ते तिने दगडांसकट उचललं.

"हे रेतीत रोवायचंच नाही!" ती एकदम ओरडली. "दगडालाच राहू द्यायचं! मासे कितीही उकरोत, हे कसं निघेल?"

"डोंगा हलवू नोको, पोट्टे!" मंगरू आजा ओरडले, पण उशीर झाला होता. कहकशाँ तोल जाऊन पाण्यात पडली! पाणी तिथे छातीइतकंच होतं, पण पाय चिऊलमध्ये असा गुंतला की निघेना. रंजीताने तिला दंडाला धरून ठेवलं आणि मंगरू आजांनी खाली हात घालून पाय सोडवला.

"पाह्यलं?" ते म्हणाले. "तुह्या पायाले नाई सुटत, तं कटव्याच्या नाकाले काय सुटंल!"

दुपारभर काम चाललं. फुटक्या मडक्यांच्या बुडांत तलावाचा चिखल भरून चिऊल लावला, वर गुळगुळीत गोटे दाबले. अब्बूंनी दोरा कसा गुंडाळायचा ते दाखवलं, तसं मुलींनी उरलेलं शेवाळ एका जुन्या बुडीत लाकडावर बांधलं. एका मडक्यात पांढऱ्या कमळाचा कंद गेला, त्याची गोल पानं पाण्यावर पसरली. वर थोडा चिला सुटा सोडला. आणि टाकीचा पुढचा अर्धा भाग मोकळा ठेवला, नुसती मऊ रेती.

"एवढी जागा रिकामी?" प्रफुलने विचारलं.

"त्यांना उकरायला नको का?" कहकशाँ म्हणाली. "झाडं आपल्याला बघायला. रेती त्यांची."

मासे सोडले. पांढऱ्या दिव्याच्या जागी अब्बूंनी मंद दिवा लावला. दोन्ही बामी क्षणात रेतीत शिरल्या. या वेळी ओरखडा नाही, आवाज नाही, फक्त दोन टोकदार नाकं बाहेर.

रविवारी सकाळी गुणवंतरावांनी कुलूप उघडलं. नबीलने डोळे घट्ट मिटून घेतले होते.

"उघड!" रंजीता म्हणाली. "उघड रे! एक बी पान हललं नाई!"

---

चंद्रपूरहून पाहुण्या आल्या होत्या डॉक्टर शगुफ्ता शेख, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या. भाषणं त्यांनी अर्ध्या लक्षानेच ऐकली. नंतर मात्र त्या टाकीसमोर खुर्ची ओढून बसल्या. पानांच्या सावलीत बारा कटवे भरदिवसा रेती हुंगत फिरत होते. एक बाम लाकडाखालून निघाली आणि चिऊलच्या पात्यांमधून वळणं घेत गेली. उद्घाटनाला आलेली पोरं ओरडली, "साप! साप!"

"साप नाई, बाम हाय थे," मंगरू आजा म्हणाले, आणि पोरांनी त्यांना घेरलंच.

"तळाच्या माशांसाठी इतका विचार करून लावलेली झाडं मी मोठ्या शहरांतही फार थोड्या ठिकाणी पाहिली," डॉक्टरबाई म्हणाल्या. "कुणी निवडली?"

गुणवंतरावांनी माइक हातात घेतला. मुलांना वाटलं, आता संस्थेचं नाव येणार.

"आमच्या मंगरूभाऊनं आन् या चार पोट्ट्यांनी," ते म्हणाले. "ज्याले या तलावाचा कोपरा न् कोपरा ठाऊक, त्याच्यावरच मी चोरीचा आळ घेतला होता. हे सगळ्यांसमोर सांगणं मले जरूरी वाटते. पोट्ट्यांनी मले ताडपत्रीखाली नेलं नसतं, तर आज मी तुमच्यासमोर उभा राहू शकलो नसतो."

टाळ्या वाजल्या. मंगरू आजांचं तिकडे लक्षच नव्हतं. बाम श्वास कसा घेते, हे विचारणाऱ्या एका मुलीला ते हाताने करून दाखवत होते. डॉक्टरबाईंनी वही काढली आणि त्याही पोरांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

संध्याकाळी टेम्पो मूलकडे निघाला. नबील गाढ झोपला होता. कापलेल्या धानाचा वास येत होता. अब्बूंचा फोन वाजला. त्यांनी टेम्पो कडेला थांबवून ऐकलं, "हो, हो," केलं, आणि मग म्हणाले, "राजुऱ्याचं गिऱ्हाईक आहे. घरच्या टाकीत झाडं लावायची म्हणतात. कोणती लावू, विचारतात."

"मग सांगा ना."

"आता मी कशाला सांगू?" अब्बूंनी फोन तिच्यापुढे धरला. "ते माझ्यापेक्षा तुला जास्त कळतं."

कहकशाँने ओढणीला हात पुसले, फोन कानाला लावला आणि घसा साफ केला.

"नमस्कार काका. झाडांचं नंतर बघू. आधी सांगा, तुमचे मासे तळाशी राहतात, की वर?"